बसवलेला दात आणि शरीराची सीमा

कीड लागून पोखरलेला, तडा गेलेला किंवा रूट कॅनलनंतर ठिसूळ झालेला दात वाचवायचा असेल, तर दंतवैद्य त्याच्यावर कॅप बसवतो. दातच पडून गेला असेल, तर शेजारच्या दोन दातांचा आधार घेऊन मधली रिकामी जागा ब्रिजने भरली जाते. या रीतीने तोंडात कायमचा बसलेला पदार्थ शरीराचाच भाग मानायचा, की शरीरावर ठेवलेली एक वस्तू, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तरीही ज्यू आणि मुस्लिम धर्मशास्त्र्यांनी, रोमन कायद्याने आणि भारतीय दार्शनिकांनी तो, किंवा त्याच्या अगदी शेजारचे प्रश्न, गांभीर्याने हाताळले आहेत. निमित्ते रोजच्या जगण्यातली होती: सोन्याचा दात घालून शब्बाथच्या दिवशी घराबाहेर पडावे का, कॅपखाली पाणी पोचले नाही तर स्नानाने शुद्धी होते का, मृताच्या तोंडातल्या सोन्यावर हक्क कोणाचा. त्या उत्तरांमधून माणसाचे शरीर कुठे संपते याविषयी एक सखोल विचार हाती लागतो.

उपचाराचे स्वरूप

माणसाला दात दोनदाच येतात: दुधाचे २० आणि नंतरचे कायमचे ३२. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते, पण एनॅमल एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. म्हणून दाताची दुरुस्ती शरीर स्वतः करू शकत नाही. ती बाहेरूनच करावी लागते.

कॅपसाठी दात चारही बाजूंनी आणि वरून घासून लहान करतात, त्याचे माप घेतात आणि लॅबमध्ये त्या मापाची टोपी घडवतात. ती धातूची, धातूवर पोर्सिलेन चढवलेली किंवा झिर्कोनियाची असते. ब्रिजमध्ये दोन टोकांच्या दातांवर कॅप असतात आणि त्यांना जोडलेला मधला कृत्रिम दात हिरडीला नुसता टेकलेला असतो. त्याला मूळ नसते. त्याच्यावर येणारा चावण्याचा सगळा भार शेजारचे दोघे उचलतात. त्यासाठी हे दोन दात धडधाकट असले तरी घासावे लागतात.

कॅप सिमेंटने पक्की करण्याआधी दंतवैद्य वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळ्या कागदाची पातळ पट्टी धरतो आणि रुग्णाला चावायला सांगतो. जिथे कॅप किंचित उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तो ठिपका घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा चावणे, असे दोन-चार वेळा चालते. केसाएवढी उंचीसुद्धा रुग्णाला लगेच जाणवते. ही जाणीव कॅपमध्ये नसते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि दाबाची संवेदना त्यातून मेंदूकडे जाते. म्हणून रूट कॅनलमध्ये दाताची नस काढून टाकलेली असली, वर कॅप असली, तरी भातातला खडा त्या दाताला कळतो. पहिले काही दिवस जीभ सारखी नव्या कॅपकडे वळते. पुढे ती वळेनाशी होते. नवी वस्तू अंगवळणी पडल्याची ही खूण असते.

दात शरीरात मोजावा का

कॅपचा प्रश्न सोडवण्याआधी मुळातला दात तरी पूर्णपणे शरीर आहे का, हे पाहावे लागते. चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० दिली आहे आणि त्यात ३२ दात, दातांच्या ३२ खोबणी आणि २० नखे धरली आहेत. सुश्रुताने अस्थी ३०० मानल्या, पण दातांना त्यानेही अस्थींचाच एक प्रकार म्हटले. वैद्यकाच्या या गणनेनुसार दात निःशंकपणे शरीरात येतो.

न्यायदर्शनाची भूमिका अधिक चिकित्सक आहे. न्यायसूत्रांनी शरीराची व्याख्या करताना हालचाल, इंद्रिये आणि सुखदुःखाचा अनुभव यांचा आधार तो देह असे म्हटले. तिसऱ्या अध्यायात चैतन्य हा शरीराचा गुण आहे का, ही चर्चा येते. चैतन्य सर्व शरीरभर आढळते, असे म्हटल्यावर एक शंका निघते की केस आणि नखे यांच्यात ते आढळत नाही, त्याचे काय? त्यावर उत्तर येते की शरीराची मर्यादा त्वचेपर्यंतच आहे. केस, नखे वगैरे त्या मर्यादेत येत नाहीत.

हा निकष दाताला लावला तर दात मधोमध चिरला जातो. आतला मगज, त्यातली नस आणि मुळाभोवतीचे तंतू संवेदनशील आहेत. एनॅमलमध्ये मात्र ना नस असते, ना जिवंत पेशी. ज्या पृष्ठभागाने माणूस आयुष्यभर चावतो, तो जन्मजात दातातसुद्धा निर्जीवच असतो. कॅप ज्याची जागा घेते ते मुख्यतः हेच निर्जीव कवच आणि त्याखालचा थोडा भाग. तेव्हा ‘जिवंत दाताच्या जागी मेलेली वस्तू आली’ हे वर्णन पूर्ण खरे नाही.

न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत मात्र कॅप आणि दात यांच्यातला फरक नेमका पकडता येतो. अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्यांच्यापासून बनलेली अखंड वस्तू, यांचा संबंध ‘समवाय’ असतो. तो तोडला तर ती वस्तूच उरत नाही. वेगवेगळ्या दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या तर तो केवळ ‘संयोग’ होय. सिमेंटने बसवलेली कॅप संयोगाने राहते, जसे अंगावर वस्त्र राहते. शिवाय या परंपरेने मानवी शरीर पार्थिव, म्हणजे पृथ्वीतत्त्वाचे, मानले आहे आणि भिन्न तत्त्वांच्या द्रव्यांपासून एक अवयवी बनत नाही, असे सांगितले आहे. सोने तर पृथ्वीतही मोडत नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहासारख्या प्राथमिक ग्रंथातही त्याची गणना तेज या द्रव्यात होते. या हिशेबाने सोन्याची कॅप शरीराचा अवयव कधीच होऊ शकणार नाही. मातीपासून झालेले पोर्सिलेन निदान सजातीय ठरेल, पण तेही चिकटलेलेच. पदार्थाच्या स्वरूपावरून विचार केला, तर उत्तर ठामपणे ‘शरीर नाही’ असे येते.

काढण्याचा मनोदय: ज्यू धर्मशास्त्राचे उत्तर

ज्यू धर्मशास्त्राने प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते याच दिवशी घाणा बंद ठेवण्यावरून. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांमध्ये घरातून सार्वजनिक रस्त्यावर वस्तू वाहून नेणे हेही येते. अंगावरचे कपडे वाहून नेलेली वस्तू ठरत नाहीत. मग बसवलेला दात काय ठरतो?

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू विधिसंग्रहात शब्बाथच्या प्रकरणात हा मुद्दा आला आहे. बसवलेला दात आणि सोन्याचा दात घालून स्त्रीने बाहेर पडण्यास रब्बी यहूदा हानासी यांनी परवानगी दिली. इतर पंडितांनी मनाई केली. मिश्नावरच्या विवेचनात, म्हणजे बाबिलोनी तालमूदमध्ये, पुढे खुलासा येतो की मतभेद सोन्याच्या दातापुरता आहे, चांदीच्या दाताला सर्वांचीच मोकळीक आहे. मनाईमागची भीती अशी की सोन्याचा दात उठून दिसतो. कोणी हसले म्हणून किंवा मैत्रिणीला दाखवावा म्हणून ती स्त्री तो काढून हातात घेईल, आणि ज्या क्षणी तो हातात येईल त्या क्षणी ते ओझे वाहणे ठरेल.

या चर्चेत दात कशाचा आहे यापेक्षा तो तोंडात राहील की बाहेर येईल, याला वजन आहे. न काढला जाणारा दात माणसाबरोबर चालतो. काढला जाण्याची शक्यता असलेला दात माणूस वाहतो. त्या काळचे दात सिमेंटने पक्के केलेले नसत, ते बोटांनी निघत, हे लक्षात घेतले म्हणजे पंडितांची सावधगिरी समजते.

हेच तत्त्व मिकवेच्या, म्हणजे विधिपूर्वक डुबकी घेण्याच्या कुंडाच्या, नियमांत अधिक काटेकोर रूपात दिसते. डुबकी घेताना पाणी आणि शरीर यांच्यामध्ये आड येणारी वस्तू असता कामा नये. तोंडासारख्या आतल्या जागी पाणी प्रत्यक्ष शिरलेच पाहिजे असे नाही, पण ते पोचू शकेल इतकी ती जागा मोकळी असावी लागते. मग कॅप आणि दातात भरलेले सिमेंट आड येतात का? आड येणे ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या जातात: वस्तूने किती भाग झाकला आहे आणि ती तिथे असण्याला त्या व्यक्तीची हरकत आहे का. कायमची बसवलेली कॅप कोणी काढू इच्छित नाही; उलट ती पडली तर माणूस धावत दवाखान्यात जातो. म्हणून आधुनिक काळातल्या बहुसंख्य धर्मपंडितांनी कायमची कॅप आणि कायमचे भरलेले सिमेंट शरीरासारखेच मानले. काढता-घालता येणारी कवळी मात्र डुबकीपूर्वी काढावी लागते. आठवड्याभरात बदलायच्या तात्पुरत्या कॅपबद्दल मते वेगवेगळी आहेत, आणि ते अपेक्षितही आहे, कारण ती नेमकी सीमारेषेवर उभी असते.

चूळ आणि सक्ती: इस्लामी धर्मशास्त्राचे उत्तर

इस्लाममध्ये मोठ्या अशुद्धीनंतर गुस्ल, म्हणजे पूर्ण स्नान, आवश्यक असते. भारतीय उपखंडात सर्वाधिक अनुयायी असलेल्या हनफी संप्रदायात या स्नानात चूळ भरणे फर्ज, म्हणजे अनिवार्य, आहे. तोंडाचा आतला भाग त्या वेळी बाहेरच्या शरीरासारखा मानला जातो आणि तिथे पाणी पोचावे लागते. मालिकी आणि शाफिई संप्रदायांत चूळ भरणे इष्ट आहे, अनिवार्य नाही. त्यामुळे कॅपचा प्रश्न हनफींना अधिक टोचला.

त्यावर प्रचलित झालेले उत्तर ज्यू उत्तराशी विलक्षण जुळते. कॅप पक्की बसलेली असेल आणि काढायला त्रास व हानी होत असेल, तर तिच्या पृष्ठभागावर पाणी पोचणे हेच दाताला पोचणे होय. कवळी सहज निघत असेल तर ती काढून चूळ भरावी. इस्लामी विधिशास्त्रात ‘हरज’, म्हणजे असह्य अडचण, दूर करणे हे मान्य तत्त्व आहे. धर्माचा नियम माणसाने दर स्नानाला दाताची टोपी उचकटावी, अशी मागणी करत नाही. कॅप इथे शरीर ‘आहे’ असे म्हटलेले नाही. तिला शरीराचा ‘दर्जा’ दिला आहे. कायद्याच्या भाषेतला हा फरक महत्त्वाचा आहे. पदार्थ काय आहे हा एक प्रश्न आणि त्याला कसे वागवावे हा दुसरा, आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असलेच पाहिजे असे नाही.

सोने: दागिना की औषध

पुरुषाने सोने अंगावर घालणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे. मग सोन्याचा दात? या चर्चेचा आधार एक हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीचे परंपरेने आलेले कथन, आहे. अरफजा इब्न असअद यांचे नाक इस्लामपूर्व काळात कुलाब नावाच्या अरबस्तानातल्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचे नाक करून घ्यायला सांगितले. चांदी शरीरातल्या ओलाव्याने खराब होते, सोने होत नाही. रसायनशास्त्राला ठाऊक असलेले हे कारण निर्णयाच्या मुळाशी आहे.

नाकावरून दातांकडे जाताना हनफी आचार्यांमध्ये मतभेद झाला. इमाम अबू हनीफा यांच्या मते हलणारे दात चांदीच्या तारेने बांधावेत, सोन्याने नाही, कारण गरज चांदीने भागते आणि गरजेपुरतीच निषिद्धाला सूट असते. त्यांचे शिष्य मुहम्मद अल्-शैबानी यांनी सोन्यालाही परवानगी दिली. दोघांचे तत्त्व एकच होते; दातांच्या बाबतीत चांदी पुरेशी पडते की नाही, या वस्तुस्थितीविषयी मतभेद होता. दहाव्या-अकराव्या शतकातला कॉर्डोव्हाचा शल्यविशारद अल्-जहरावी याने सैल दात सोन्याच्या तारेने बांधण्याची कृती लिहून ठेवली आणि पडलेल्या दाताच्या जागी गायीच्या हाडाचा कोरलेला दात बसवता येतो हेही नोंदवले. ब्रिजची कल्पना या वर्णनात स्पष्ट दिसते.

तालमूदमधली एक हकिकत याच मुद्द्याला माणुसकीची बाजू देते. एका माणसाने आपल्या भाचीशी लग्न न करण्याची शपथ घेतली होती. ती दिसायला चांगली नाही, हे कारण. रब्बी इश्माएल यांनी तिला आपल्या घरी आणवून नीटनेटके केले. तिच्या तोंडात साधा बसवलेला दात होता. रब्बींनी स्वतःच्या खर्चाने तिला सोन्याचा दात करून दिला. मग त्या माणसाला समोर उभे करून, याच मुलीविषयी तू शपथ घेतलीस का, असे विचारले. तो नाही म्हणाला आणि शपथ सुटली. मुलीत खोट नव्हती, खोट गरिबीची होती, हा या हकिकतीचा आशय आहे. पुढचा दात नसलेला माणूस तोंडावर हात धरून हसतो, बोलताना ओठ आवळतो. त्याला दात देणे ही सजावट नसून त्याला पुन्हा माणसांत आणणे असते. धर्माने इथे सोन्याकडे संपत्ती म्हणून पाहिले नाही, हे त्याचे मोठेपण आहे.

दुसऱ्याचा दात

पोर्सिलेनचे दात येण्यापूर्वी कृत्रिम दातासाठी हाडे, हस्तिदंत, जनावरांचे आणि माणसांचे दात वापरले जात. त्यामुळे आणखी एक प्रश्न उभा राहिला. इ.स. ११९१ मध्ये वारलेल्या अल्-कासानी यांच्या ‘बदाइअ अस्-सनाइअ’ या हनफी ग्रंथात तो नोंदला आहे. स्वतःचाच पडलेला दात परत खोबणीत बसवून बांधावा का? अबू हनीफा यांना ते पसंत नव्हते. पडलेला दात हा मृताच्या दातासारखा झाला. त्यापेक्षा विधिपूर्वक कापलेल्या मेंढीचा दात घ्यावा, असे त्यांचे मत. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांनी याला विरोध केला. दुसऱ्या माणसाचा दात नको, पण स्वतःचा परत बसवण्यात काहीच गैर नाही, असे ते म्हणाले. शरीरापासून सुटलेला अवयव ‘माझा’ राहतो का, यावर दोन मोठे विद्वान इतके वेगळे बोलतात. एकाच्या मते सुटणे म्हणजे नाते संपणे. दुसऱ्याच्या मते नाते सुटल्यावरही उरते आणि पुन्हा जोडता येते.

दुसऱ्या माणसाच्या दाताला दोघांनीही नकार दिला, तो मानवी देहाच्या प्रतिष्ठेपोटी. युरोपचा इतिहास पाहिला की त्या नकाराचे मोल कळते. अठराव्या शतकात तिथले श्रीमंत लोक गरिबांचे दात विकत घेत आणि आपल्या तोंडात बसवून घेत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले. इंग्लंडमध्ये अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असे नावच पडले. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ मधल्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीतली फाँतीन मुलीच्या औषधपाण्यासाठी आपले पुढचे दोन दात विकते. हा प्रसंग त्या व्यवहाराचे खरे चित्र आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पोर्सिलेनचे दात तयार होऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांचा प्रसार झाला, तसा हा व्यापार थांबत गेला. भट्टीत भाजलेल्या मातीने गरिबाच्या जबड्याचे रक्षण केले. कॅप आणि ब्रिजच्या इतिहासातला हा नैतिक टप्पा तांत्रिक टप्प्याइतकाच मोलाचा आहे.

भाग बदलले तरी माणूस तोच का

एक दात बदलला तर कोणी माणूस बदलला म्हणत नाही. सगळे बदलले तर? न्याय-वैशेषिकांच्या मते एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांतून नवा उत्पन्न होतो; वस्त्राचा तुकडा फाडला की उरते ते दुसरे, लहान वस्त्र. या अर्थाने दात पडलेले शरीर हे काटेकोरपणे नवे शरीर आहे. माणूस तोच राहतो, कारण आत्मा शरीराहून वेगळा आहे.

बौद्ध विचाराने हा आधारही काढून घेतला. मिलिंदपञ्ह या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की नागसेन म्हणजे कोण? केस, लोम, नखे, दात, त्वचा असे एकेक नाव घेत तो विचारत जातो आणि प्रत्येकाला नागसेन नाही म्हणतो. पुढे रथाचा दृष्टांत येतो: चाक, आस, जू यांपैकी काहीच रथ नाही आणि त्यांच्याबाहेरही रथ नाही. थेरवाद परंपरेत प्रव्रज्या घेणाऱ्याला ध्यानासाठी पहिल्यांदा दिले जाणारे पाच विषयही हेच: केस, लोम, नखे, दात, त्वचा. दिसणारे, जपले जाणारे, मिरवले जाणारे हे पाच भाग ‘मी’ नव्हेत, हा पहिला धडा.

कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत आणलेल्या आणि नागार्जुनाच्या नावावर असलेल्या प्रज्ञापारमिता-भाष्यात एक भयकथा आहे. रिकाम्या घरात रात्र काढणाऱ्या वाटसरूसमोर दोन राक्षस एका प्रेतावरून भांडतात. वाटसरू खरी साक्ष देतो, तेव्हा चिडलेला राक्षस त्याचे एकेक अंग उपटतो आणि दुसरा प्रेताचे तेच अंग त्याला जोडत जातो. सकाळी तो माणूस भिक्षूंना विचारतो: मला शरीर आहे की नाही? भिक्षू त्याला सांगतात की तुझे शरीर आरंभापासूनच असे होते. बौद्ध दृष्टीने कॅपचा प्रश्न सुटत नाही, तो विरघळतो. बसवलेला दात परका असेल, तर उगवलेलाही तितकाच परका होता. अन्नातून आलेल्या द्रव्याने तो घडला होता.

पुराणकथा आणि वेदांनी याच प्रश्नाला वेगळ्या रीतीने स्पर्श केला. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूचा पाय दिल्याचा उल्लेख आहे. तो पाय दिल्यावर तिची धावण्याची शक्ती परत आली, आणि सूक्ताला महत्त्व त्या शक्तीचे आहे. भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षयज्ञाची कथा येते. शिवाची निंदा चालू असताना दात दाखवून हसलेल्या पूषा या देवाचे दात यज्ञविध्वंसात पाडले जातात. नंतर शिव प्रसन्न होऊन सर्वांना सावरतो. दक्षाला बोकडाचे डोके मिळते. पूषाला मात्र नवे दात मिळत नाहीत. तो पीठ खाईल आणि यजमानाच्या दातांनी चावील, असे ठरते. यज्ञात पूषाला पिठाचा हविर्भाग देण्याची रीत या कथेशी जोडलेली आहे. एकाचे चावण्याचे काम दुसऱ्याच्या दातांनी करणे, ही व्यवस्था ब्रिजच्या मधल्या दाताहून फार वेगळी नाही. त्यालाही स्वतःचे मूळ नसते. तो शेजाऱ्यांच्या बळावर चावतो. सर्वांत लोकप्रिय मराठी दैवताने तर दुरुस्तीही मागितली नाही. एकदंत गणपती मोडलेल्या सुळ्यासह पूर्ण मानला जातो. उणीव भरणे हे कर्तव्य असले, तरी उणीव असलेला देह अपूर्ण ठरत नाही, हे दोन्ही एकाच परंपरेने सांगितले आहे.

मृत्यूनंतर

इ.स.पू. सातव्या शतकापासून इटलीतल्या एट्रुस्कन स्त्रियांच्या तोंडात सोन्याच्या पट्टीने अडकवलेले दात असत. ते थडग्यांमध्ये सापडले आहेत. पुढे रोममध्ये इ.स.पू. ४५० च्या सुमारास बारा फलकांचा कायदा झाला. त्यात मृताबरोबर सोने पुरण्यास किंवा जाळण्यास बंदी होती. फक्त एक अपवाद ठेवला होता: ज्याचे दात सोन्याने बांधलेले असतील त्याला त्या सोन्यासकट पुरणे किंवा जाळणे हा गुन्हा नव्हे. उधळपट्टीविरुद्ध लिहिलेल्या कठोर कायद्याने प्रेताच्या तोंडात हात घालण्यास मात्र नकार दिला. गळ्यातले सोने ही मालमत्ता, दातावरचे सोने हा देह, अशी रेषा त्याने आखली.

मराठी घरांत मृताच्या मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल घालतात, आणि सोन्याचा कणही ठेवण्याची प्रथा आहे. तिथे सोने शेवटच्या क्षणी तोंडात येते, रोममध्ये ते आधीच असते. दोन्हीकडे ते पुन्हा माणसांच्या व्यवहारात आणले जात नाही. ही रेषा पुसली तर काय होते, ते विसाव्या शतकाने पाहिले. नाझी छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंच्या तोंडातले सोन्याचे दात आणि कॅप उपटून काढल्या गेल्या, ते सोने जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत जमा झाले, आणि न्युरेंबर्गच्या खटल्यात त्याचा पुरावा मांडला गेला. हा तपशील ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तिथे नुसती मालमत्ता लुटली गेली नाही, माणसाला खनिज समजले गेले. बसवलेला दात शरीराचा भाग आहे की नाही, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर या घटनेवरच्या जगाच्या प्रतिक्रियेत आहे.

निष्कर्ष

या सगळ्या चर्चेत तीन निकष दिसतात. पहिला द्रव्याचा: वस्तू कशाची बनली आहे आणि शरीराशी तिचा संबंध कोणत्या प्रकारचा आहे. या निकषावर कॅप आणि ब्रिज परके ठरतात, आणि एनॅमलही जवळजवळ परकेच ठरते. दुसरा वापराचा: ती कायमची आहे का, काढण्याचा मनोदय आहे का, तिच्याविषयी विसर पडला आहे का. या निकषावर पक्की कॅप शरीरात येते आणि कवळी बाहेर राहते. तिसरा प्रतिष्ठेचा: ती ओढून काढली तर त्या माणसाचा अवमान होतो का. या निकषावर बसवलेला दात जन्मजात दाताइतकाच माणसाचा आहे. ज्यू आणि मुस्लिम धर्मशास्त्र्यांनी दुसऱ्या निकषावर निर्णय दिले, रोमन कायद्याने तिसऱ्यावर, न्याय-वैशेषिकांनी पहिला अखेरपर्यंत तपासला. द्रव्याचा निकष ज्ञानासाठी आवश्यक आहे, पण आचार ठरवायला तो अपुरा पडतो. माणसाचे शरीर त्वचेपाशी थांबत नाही. ज्याच्या आधारे तो खातो, बोलतो, हसतो आणि जे त्याच्यापासून वेगळे करण्याचा विचारही कोणी करत नाही, तिथपर्यंत ते पोचते.

या निष्कर्षातून एक जबाबदारीही येते. दिगंबर जैन मुनींच्या २८ मूलगुणांमध्ये दात न घासणे हा एक आहे. देहाचे स्वामित्व सोडल्यावर त्याची निगाही सुटते, हा त्यामागचा सुसंगत विचार. याचा व्यत्यास गृहस्थाला लागू पडतो. जे आपले मानले त्याची निगा राखावी लागते. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेपाशी, हिरडीलगत, खालच्या दाताला लागते. ब्रिजच्या मधल्या दाताखाली अन्न अडकते. ते रोज दोऱ्याने किंवा लहान ब्रशने काढावे लागते. आणि ज्या दोन धडधाकट दातांचे कवच घासून तो मधला दात उभा केलेला असतो, ते ढासळले तर तिन्ही जातात. त्यांनी आपले न भरून येणारे कवच शेजाऱ्यासाठी दिलेले असते. बसवलेला दात शरीराचा भाग आहे असे मानणाऱ्याने या दोघांची काळजी आधी घ्यावी, कारण त्या दाताचे शरीराशी असलेले सगळे नाते त्यांच्यामार्फतच आहे.